सासऱ्यांसमोर न दुखलेली जखम

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता त्या वर्षांत मी परभणीच्या एका दवाखान्यात भूल द्यायचं काम करत होते. छातीत पू साठलेले रोगी आमच्याकडे बरेच येत. न्यूमोनिया व्हायचा, गावातच इंजेक्शनं घेण्यात दिवस जायचे आणि मग परभणी. बरगड्यांमधून छाती उघडून पू आणि फुफ्फुसावर धरलेली साल काढावी लागे.

मानवतजवळच्या एका गावची सून अशीच आली. ऑपरेशन चांगलं झालं. शेवटी मी चार-पाच बरगड्यांच्या खालच्या कडेला, जिथून नस जाते तिथे, बधिर करणारं औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दुखतंय का गं?"

"न्हाई."

तिसऱ्या दिवशीही तेच. मी कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं आणि सुई पुन्हा उचलली नाही.

चौथ्या दिवशी नामांतरावरून बंद होता. एस.टी. निघाली नाही, गावाहून कुणी आलं नाही. वॉर्डात शिरले तर ती उशीत तोंड खुपसून रडत होती. रोज तिचे सासरे खिडकीबाहेर व्हरांड्यात बसत. त्यांच्या कानावर जाईल असं सुनेने कण्हायचं नाही, ही त्या घरची रीत. मीही याच मुलखातली, मला हे सुचायला हवं होतं. मी विचारत होते, पण कुणादेखत विचारते ते बघत नव्हते.

त्या दिवशी पुन्हा सुई दिली, पण तोवर दुखणं मुरलं होतं. जखम भरली, दुखणं राहिलं. दीड वर्षानंतरही त्या बाजूला कापड घासलं की तिला विस्तव लागल्यासारखं होई. ब्लाऊज सोडून ती नवऱ्याचा ढगळ सदरा घालायची. कापूस वेचायला जाणं बंद झालं.

मग तिची धाकटी जाऊ त्याच आजाराने आली आणि ऑपरेशनला सरळ नाही म्हणाली.

"जाऊबाईंचं रोज बघायलेय की. पू गेला अन् आग ऱ्हायली. त्यापरीस मरू द्या."

थोरली सोबत होती. तिच्यासमोरच मी सांगितलं, मागच्या खेपेला माझं चुकलं.

"तुमी विचारलं की," थोरली म्हणाली. "पर मामा बसलेले. काय सांगावं?"

धाकटीला म्हटलं, यावेळी कापायच्या आधीच नसा बधिर करीन. नंतर पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुखो न दुखो. दुखणं मुरायच्या आत अडवायचं. खात्री देत नाही, पण अर्ध्यावर सोडणारही नाही.

थोरलीच तिला म्हणाली, "घे करून. मला कुणी येवढं सांगितलं नव्हतं."

सासऱ्यांना मी फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसायला सांगितलं.

"आमी काय वाघ हाव का, बाई?"

"नाही, सासरे आहात. वाघापुढे माणूस ओरडतं तरी."

ते हसले आणि धोतर सावरत गेले.

ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जन घड्याळ बघत होते. "बाई, तुमचं टोचणं संपलं की सांगा. तोवर मी जेवून येतो."

"या जेवून," म्हटलं, आणि मोजून पाच बरगड्या बधिर केल्या.

नर्सना ताकीद दिली, दुखतंय का म्हणून विचारायचं नाही. खोकायला लावायचं. हात छातीकडे गेला, खोकला घशात अडला, की मला बोलवायचं. दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा वेळेआधी सुई दिली. रविवारीही गेले. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठून न्हाणीपर्यंत गेली.

दिवाळीनंतर तिने दाखवायला यायचं होतं. आली नाही, म्हणून मीच एस.टी.ने गेले. ती शेताच्या पट्टीत कापूस वेचत होती. मला बघून बांधावर आली, माझा हात धरून व्रणावर ठेवला. "दाबा की. अजून दाबा. जरा बधिर लागतंय, बाकी काय न्हाई."

एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी त्यानंतर छातीच्या एकाही ऑपरेशनला मी सर्जनच्या घड्याळाकडे पाहिलं नाही.

थोरली बांधावर बसून होती. "मग आता माझं काय?" तिने विचारलं.

उशीर झालाय, हे मी लपवलं नाही. नस बधिर केली तर थोडे दिवस सूट मिळेल, मग पुन्हा टोचावं लागेल. कायमचं जाईलच असं नाही.

"किती दिवस?"

"चार. कदाचित आठ."

"चार तर चार," ती म्हणाली. "सोमवारी येते. एकलीच येते."