अध्यक्षाची खुर्ची

साकोलीच्या आमच्या झेरॉक्सवाल्याला काहीही विचारा, तो आधी बाहीने मशीनची काच पुसतो, मग बोलतो. कॉलेजात त्याने मित्रांचं मंडळ जमवलं होतं. आजही त्यांच्यापैकी कोणाच्याही शेतात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असली की सगळे चिखलात उतरतात. कौतुकाने मी ऑनलाइन ज्ञानकोशात मंडळाची नोंद केली. बाहेरच्या कोणी त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही म्हणून ती काढून टाकली गेली. हे मी त्याला बिचकतच सांगितलं.

त्याने काच पुसली.

"बरं झालं जी, सर! तुमी माह्यं नाव अध्यक्ष म्हणून टाकलं, तवापासून दोस्त माह्यासाठी बांधावर खुर्ची मांडून राहिले होते. चिखलात उतरूच देत नव्हते."

मी सुटकेने हसलो. मग काच न पुसताच तो म्हणाला, "उद्या एकोडीले रोवणा आहे. तुमी येऊन राहिले ना?"