नसांच्या ताकदीची गोळी

त्या दिवशी आई भाजी घेऊन घरी आली ती एका पायात चप्पल घालून. वैशाखातली दुपार चढत होती. त्या वेळी भिलाईतले डांबरी रस्ते तव्यासारखे तापतात, आणि तिचा उजवा पाय उघडा होता.

"आई, दुसरी चप्पल कुठे आहे?" मी दारातच विचारलं.

तिनं खाली पाहिलं. एखाद्या परक्या बाईच्या पायाकडे पाहावं तसं पाहिलं. "अवो माय! कुठं निसटली असन?"

मी तिला खुर्चीत बसवलं आणि पाय उचलून पाहिला. तळव्याला टपोरे फोड आले होते. मला ते बघवेनात, आणि ती मात्र पिशवीतली कोथिंबीर बाहेर काढून ठेवत होती. पाय बादलीत बुडवला, तर पाणी थंड आहे की कोमट, तेही तिला सांगता येईना. तेव्हा मी खरा घाबरलो.

तसं पाहिलं तर हे काही एकाएकी झालं नव्हतं. वर्षभरापूर्वी तिच्या हातापायांच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या होत्या. औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदारानं नसांच्या ताकदीची व्हिटॅमिनची गोळी दिली. घरातला गोळ्यांचा कारभार वडिलांकडे होता. सारी नोकरी पोलाद कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसवर गेलेला माणूस, कधी कुणाचं कौतुक करणार नाही, कुणाजवळ बसून दोन गोड शब्द बोलणार नाही. पण जेवण झालं की हातात पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी घेऊन आईसमोर उभा राही. "घे व," एवढंच म्हणे.

झिणझिण्या कमी होईनात. मग वडिलांनी जास्त ताकदीची गोळी आणली. शेजारच्या काकूंनी कुठल्याशा जडीबुटीच्या नावाच्या कॅप्सूल दिल्या, त्याही सुरू झाल्या. मी रायपूरहून दुधात घालायची शक्तीची पावडर आणली होती. आई थकल्यासारखी दिसे म्हणून आणली होती. झिणझिण्या वाढल्या की गोळ्या वाढत.

एकदा मीच वडिलांना म्हणालो, "बाबा, इतकं सगळं एकदम देऊ नका."

"कावून? व्हिटॅमिनच तं हाय. जास्तीचं झालं तं लघवीवाटे निंघून जाते," ते म्हणाले. मलाही ते पटलं, कारण मीही तेच ऐकत आलो होतो.

अक्षय तृतीयेला आईनं अंगणात चूल पेटवून मडकं पालथं घातलं. आमच्याकडे पुरणाच्या लांब पोळ्या लाटत नाहीत. गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत नेतात आणि तशीच ती पोळी तापलेल्या मडक्यावर टाकतात. त्या दिवशी आईची एकेक पोळी हातावरच फाटत गेली. शेवटी ती तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "हात काही सांगतच नाही मले." वडील म्हणाले, वय झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती एका चपलेत घरी आली.

मी तिला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वडीलही आले. बाई वयानं लहान, बोलणं सगळं हिंदीतून. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासायला पाठवली, आणखीही रक्ताच्या तपासण्या केल्या. साखर ठीक निघाली. मग त्यांनी एक लोखंडी चिमटा काढला, दोन दांड्यांचा, शाळेच्या प्रयोगशाळेत नाद ऐकायला असतो तसा. तो हातावर आपटून आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"अम्माजी, कुछ लग रहा है?"

"लगाया क्या?" आईनं विचारलं.

तो चिमटा थरथरत होता, मला नुसता कानांनी ऐकू येत होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तो माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला. हाडातून एक गुंजन वर चढलं, थेट कोपरापर्यंत. आपल्या आत इतकं काही चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळत होतं.

मग त्यांनी आईला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. आईनं डोळे मिटले आणि ती झाडासारखी एका अंगाला कलली. बाईंनी तिला सावरलं. आपण उभे राहतो ते नुसत्या पायांच्या जोरावर नाही, हे त्यांनी आम्हाला समजावलं. तळवे क्षणोक्षणी वर निरोप पाठवत असतात, जमीन इथे आहे, भार इकडे गेला. आईच्या तळव्यांचे निरोप येणं बंद झालं होतं. ती डोळ्यांनी बघून बघून उभी राहत होती.

"कौनसी गोलियाँ चल रही हैं? सब दिखाइए," बाई म्हणाल्या.

वडिलांनी पिशवी सोबतच आणली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. बाई एकेक डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचत गेल्या आणि एकाच नावावर बोट ठेवत गेल्या. गोळीत बी-सिक्स व्हिटॅमिन, कॅप्सूलमध्ये बी-सिक्स, पावडरीतही बी-सिक्स.

"ये सब आज से बंद," त्या म्हणाल्या.

"पर मॅडम, ये तो नसोंके लिए है," वडील म्हणाले.

बाई शांतपणे म्हणाल्या की शरीराला हे रोज किंचितसंच लागतं. ते कमी पडलं तरी नसा बिघडतात, आणि गोळ्यांतून बरेच दिवस फार गेलं तरी त्याच नसा बिघडतात. सगळीच व्हिटॅमिनं लघवीवाटे निघून जातात हा समज खोटा. काही अंगात साठून राहतात, आणि हे पाण्यात विरघळणारं असूनही नसांना धरतं. भाजी-भाकरीतून कुणाला असं होत नाही. आणि हो, गोळी थांबवल्यावर आधी थोडं वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका. किती भरून येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

घरी येताना वडील गाडीत एकेक डबी फिरवून बघत होते. संध्याकाळी आईसमोर बसून म्हणाले, "मीच देल्लं तुले. माह्या हातानं."

आई म्हणाली, "जहर थोडीच देल्लं तुमी? जीव लावून राहिले होते."

आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांना डोळे पुसताना पाहिलं.

बाईंनी सांगितलं तसंच झालं. आधी वाढलं. आई भिंत धरून चालू लागली, आणि वडील दुसऱ्या बाजूनं तिचं कोपर धरून चालू लागले. उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला. गणपती बसले आणि उठले, तरी तळवे मुकेच होते. मी आशा सोडत आलो होतो.

दिवाळी झाल्यावरची सकाळ. आई अंगणात उन्हात पाय पसरून मेथी निवडत होती. एकदम ओरडली. मी आणि वडील धावलो.

"मुंगी चावली!" ती म्हणाली. "अहो, मुंगी चावली मले! अंगठ्याले!"

लाल मुंगी अजून तिथेच होती. वडील गुडघ्यांवर बसले आणि मुंगी न झटकता बघत राहिले. आईच्या अंगठ्यावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका उठत होता, आणि ती हसत होती, कळ येत होती म्हणून हसत होती. कुणी काही दिलं नव्हतं, फक्त देणं थांबवलं होतं. बाकीचं सगळं आतल्या आत, आम्हाला न विचारता, धाग्याधाग्यानं विणलं जात होतं. मी त्या पायाकडे, देवळात उभं राहून पाहावं तसा पाहत राहिलो.

त्यानंतर हळूहळू हात, टाचा, तळवे, मग पायांची बाकीची बोटं जागी झाली. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं आजही जाड वाटतात असं ती सांगते. बाई म्हणाल्या, तेवढं राहू शकतं.

आता ती सकाळी घरासमोरच्या मैदानातल्या गवतावर अनवाणी चालते. आधी एकेक पाऊल नीट बघून टाकते आणि मग वर बघून. वडील फाटकाशी उभे असतात. ती परत आली की ते विचारतात, "कसं हाय आज?"

"थंडं हाय," ती म्हणते. "अन् मधी मधी खडे टोचून राहिले."