आभाराचा मजकूर

कृतज्ञता हा शब्द कानावर आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नव्वदच्या दशकात जळगावला आम्हा शिक्षकांचं एक शिबिर होतं. पुण्याहून आलेल्या एका गोड गळ्याच्या बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, "ज्या व्यक्तीमुळे तुमचं आयुष्य घडलं, तिला आज एक पत्र लिहा. मनातलं सगळं लिहा. बघा, किती हलकं वाटतं." आजूबाजूच्या बाया डोळे पुसायला लागल्या. मला काही हलकंबिलकं वाटेना. असली पत्रं लिहिण्याचा माझा अनुभव त्या बाईंपेक्षा दांडगा होता.

त्याच्या दहाएक वर्षं आधी मी धुळ्याला ज्या वसतिगृहात राहून शिकले, ते एका शेठचं होतं. कापसाच्या जिनिंगचे मालक. राहणं-खाणं फुकट, आणि त्या फुकटाची वसुली वर्षातून एकदा व्हायची. शेठच्या आईच्या पुण्यतिथीला प्रत्येक मुलीने त्यांना आभाराचं पत्र द्यायचं. मनातलं नव्हे, फळ्यावरचं. रेक्टरबाई मजकूर फळ्यावर लिहीत आणि आम्ही तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असू. 'माझे आईवडील अडाणी असून त्यांना माझ्या शिक्षणाची किंमत नाही. आपण नसता तर माझ्या आयुष्याची माती झाली असती. आपणच माझे मायबाप.' खाली कंसात, 'येथे स्वतःचे नाव लिहावे.' एका वर्षी एका नव्या मुलीने ते कंसातलंही जसंच्या तसं उतरवलं आणि तिचं पत्र गठ्ठ्यातून शेठच्या हातात गेलं. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. गठ्ठ्याची दोरी कधी सुटतच नव्हती, तर बोलणार कोण?

माझा आवाज खणखणीत, म्हणून दहावीच्या वर्षी ते पत्र सगळ्यांसमोर वाचायला माझी निवड झाली. मी रेक्टरबाईंना विचारलं, "बाई, ते आईवडिलांचं वाक्य गाळू का? माझ्या बाबतीत ते खरं नाही." ताट पुढे केलं आणि मी भाजीला नाक मुरडलं, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेठना तेच वाक्य आवडतं," त्या म्हणाल्या. "तुला जमत नसेल तर सांग. तुझ्या जागेसाठी कितीतरी मुली ताटकळल्यात." बाईंना हे सांगताना जराही लाज वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

कार्यक्रमाला पत्र वाचणाऱ्या मुलीच्या पालकांना बोलावणं असे. सोनगीरहून माझे वडील, आमचे आबा, धुतलेलं धोतर नेसून आले आणि सतरंजीच्या अगदी कडेला अंग चोरून बसले. एरवी पुरुषांना आत यायची बंदी असल्यामुळे ते फाटकाच्या गजांतून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधलेलं फडकं माझ्या हातात देत आणि तिथूनच माघारी फिरत. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच आत बसायला मिळालं. बसून ऐकायला काय मिळालं, तर म्हणे तुम्हाला लेकीच्या शिक्षणाची किंमत नाही.

हे ज्यांना ऐकवलं, त्या आबांनी सातवीनंतर मला बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा पाजून दारातून परत पाठवलं होतं. "पोर शिकी राहिनी. आते लगन नही," एवढंच बोलले. पाहुणे भाऊबंदांनीच आणले होते, त्यामुळे सगळ्या भावकीने आमचं नाव टाकलं. गल्लीतली माणसं मजुरीला घोळक्याने जात. आबा त्यांच्या मागून एकटे चालत. सख्ख्या पुतण्याच्या हळदीचा मांडव आमच्या दारासमोर पडला आणि आम्ही दार लोटून घरात बसलो. या सगळ्याबद्दल आबांनी मला कधी चकार शब्द ऐकवला नाही.

मी पत्र वाचलं. टाळ्या झाल्या. आबांनीही वाजवल्या.

बाहेर आल्यावर म्हणाले, "बेस वाचं बेटा."

"ते खोटं शे आबा. बाईनी लिखाडेल शे."

"ऱ्हाऊ दे. आमी काय करं तुनाकरता? जे करं ते शेठनी करं."

समजूत काढायला म्हटलं असतं तर मी रडले असते. पण ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. मला संताप आला, शेठचा, बाईंचा आणि आबांचाही, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे मी चोपड्याला शिक्षिका झाले. माझ्या भावाला त्याच शेठच्या जिनिंगमध्ये काम लागलं आणि आबांना आकाश ठेंगणं झालं. मग ते जळगावचं शिबिर आलं. पुण्याच्या बाईंनी डोळे उघडायला सांगितले तेव्हा मी लिहायला बसले, ते आबांना. आधी शेठचा आणि त्यांच्या गठ्ठ्याचा यथेच्छ समाचार घेतला. त्यात सगळं पान गेलं. मग उलटून मागच्या बाजूला परत पाठवलेल्या पाहुण्यांचं लिहिलं, एकटं चालण्याचं लिहिलं. तुमच्यामुळे मी उभी आहे, असं लिहिलं. पत्र पेटीत टाकलं तेव्हा खरंच हलकं वाटलं, आणि त्या गोड गळ्याच्या बाईंना मी मनातल्या मनात माफ केलं.

आबांना वाचता येत नव्हतं. भाऊ घरात वाचून दाखवेल, असा माझा हिशेब. पण भाऊ पाळीवर गेलेला, आणि आमच्या गल्लीत पत्र ही काही एकट्याची वस्तू नसते. पोस्टमनने ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला घेतलं आणि चार माणसं ऐकायला जमली. त्यांत जिनिंगचा मुकादमही होता.

त्याच आठवड्यात आबा एसटीने चोपड्याला आले. पाणीही न घेता म्हणाले, "असा कागद परत नको धाडू बेटा. मुकादम बठेल व्हता तठे. तुना भाऊ शेठकडे कामले शे. शेठना कानवर गयं त?"

"आबा, तुमी बठ्ठं आयकं का? मांगली बाजू बी?"

"नही. शेठनं नाव उनं नी मी पोस्टमनना हातमाईन कागद लई लिधा. चुल्हामा टाकी दिधा."

म्हणजे मागची बाजू कुणी वाचलीच नव्हती. आयुष्यात एकदा बापासाठी पत्र लिहिलं, तर त्यातही शेठच पहिल्या पंगतीला जेवून गेले होते. मी स्टोव्हवर चहा ठेवला. भांडी मुद्दाम आदळली. आबा खाटेवर बसून होते. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "मांगे काय लिखेल व्हतं?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. सातवीनंतर पाहुणे आले होते ना आबा, त्या दिवशी तुम्ही...

आबांनी हात वर करून मला थांबवलं, उठले, आणि आधी दाराला कडी लावून आले.