चुन्याची वर्तुळं

हेब्बाळच्या पुढे उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गावर दर महिन्याला पायी फिरणं हे माझं काम. ठेकेदार रस्त्याची रोजची देखभाल नीट करतो की नाही हे बघून गुण द्यायचे: खड्डे बुजवलेत का, गटारं मोकळी आहेत का, साइडपट्टीवरचं गवत कापलंय का. सगळा रस्ता चालणं शक्य नसतं, म्हणून शंभर-शंभर मीटरचे काही तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. ठेकेदाराला आधी कळलं तर तो तेवढेच झाडून-पुसून ठेवील, म्हणून ही निवड आम्ही सकाळी निघाल्यावर गाडीतच करायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा सहकारी. मी निपाणीची, मराठी-कन्नड दोन्हीत वाढलेली. तो नुकताच नागपूरहून आलेला. त्याचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, या दोन शब्दांत संपायचं.

पहिलं वर्तुळ त्यालाच दिसलं. डाव्या लेनच्या कडेला, ताटाएवढं, चुन्याने काढलेलं. आतलं डांबर धडधाकट होतं, साधी भेगही नव्हती.

"ठेकेदाराच्या माणसांनी खूण केली असेल," मी म्हणाले.

पुढच्या तुकड्यात आणखी दोन वर्तुळं निघाली. त्याच्या पुढच्या तुकड्यातही एक होतं. तेव्हा तो थांबला.

"आपण तुकडे कधी निवडले? आज सकाळी, गाडीत. मग आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं?"

आमच्या तक्त्यात असल्या गोष्टीसाठी रकाना नव्हता. मी फोटो काढून घेतले.

पुढच्या महिन्यात तुकडे दुसरीकडचे निघाले, पण मी हट्टाने जुन्या जागांवर गाडी थांबवायला लावली. पहिल्या वर्तुळाच्या जागी खड्डा होता, बरोबर ताटाएवढा. त्याच्या काठाला पुसट चुना अजून दिसत होता. दुसऱ्या ठिकाणी डांबर खचलं होतं. तिसऱ्या ठिकाणी जाळीसारख्या बारीक भेगा उमटल्या होत्या, आणि त्या चुन्याच्या रेघेबाहेर एक बोटभरही गेल्या नव्हत्या. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं, शेजारून लॉऱ्या धडधडत जात होत्या, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

"परत जाऊ या," तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. मागच्या महिन्याचा तुकडा सोडून तशीच पुढे चालत राहिले. तिथेही वर्तुळं होती, त्याच्या पुढेही होती. आमच्या आधी कुणी आमचे तुकडे शोधत नव्हतं. आम्हीच फक्त आमचे शंभर मीटर बघत आलो होतो. एक भीती गेली. पण रस्ता कुठे कुठे फुटणार हे कुणीतरी सबंध रस्त्यावर लिहून ठेवत होतं, ही दुसरी भीती तिच्यापेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता तिथे गेलो. साइडपट्टीवरून एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून चालली होती. अनवाणी. एक पाऊल टाकायची, थांबायची, मग दुसरं टाकायची. हातभर अंतरावरून एक लॉरी कर्कश हॉर्न वाजवत गेली तरी ती दचकली नाही. थोडं पुढे जाऊन ती वाकली, कमरेच्या डबीत बोटं बुडवली आणि वर्तुळ काढलं.

"अज्जी!" मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. शेवटी मी वळसा घालून तिच्या समोर गेले. तिने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग वर्तुळावर बोट ठेवून म्हणाली, "पोळ्ळु."

पोकळ.

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीतून एक बाई धावत आली. ती तिची सून होती.

"अक्का, रागावू नका," ती कन्नडमध्ये म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही. सगळं आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं, दगड फोडायच्या मशीनपाशी. कान तिथेच गेले. आता पायाने कळतं म्हणतात. घरात बसवलं तर जेवत नाहीत."

म्हातारीने मला खुणेने बूट काढायला लावले. मी वर्तुळात उभी राहिले. आधी काहीच कळलं नाही. मग एक लॉरी गेली. वर्तुळाबाहेर असा हादरा टणक लागायचा आणि लगेच विरायचा. आत तो जरा उशिराने आला आणि खालीच कुठेतरी रेंगाळला. मी पटकन पाय उचलले. म्हातारी माझ्याकडे बघून हसली.

त्यानंतरच्या फेरीत सर्व्हिस रोडवर, मोरीजवळच्या बसथांब्यापाशी, एक वर्तुळ दिसलं. ते एवढं मोठं होतं की बसची वाट बघणारी सगळी माणसं त्याच्या आतच उभी होती. कुणी फोनवर बोलत होतं, कुणी पिशवी पायांत ठेवून फुलं निवडत होतं. रस्ता वरून निर्दोष होता. आमच्या तक्त्याप्रमाणे त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

मी खात्यातल्या साहेबांना फोन लावला.

"कशाच्या आधारावर सांगताय?" त्यांनी विचारलं.

"खालून पोकळ लागतंय, सर."

"तुम्ही खोदून पाहिलंत?"

"नाही. म्हणूनच माणसं पाठवा म्हणतेय."

तोवर माझ्या सहकाऱ्याने गाडीतले नारिंगी शंकू आणून वर्तुळाभोवती मांडले होते. लोक कुरकुरत बाजूला झाले. परत जाऊ या म्हणणारा तोच माणूस, डांबर फोडायचं मशीन येईपर्यंत भर उन्हात उभा राहून आपल्या नागपुरी हिंदीत सगळ्यांशी भांडत होता.

दुपारी मशीन आलं. पहिल्याच घावाला त्याचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. डांबर फुटलं नाही, नुसतं लोंबकळलं. मग एक मोठा तुकडा निसटून खाली गेला. त्याचा आवाज यायला क्षणभर वेळ लागला, आणि आला तो पाण्याचा. सांडपाण्याचा जुना पाइप फुटून कितीतरी दिवस खालची माती वाहून जात होती. आत खोलीएवढा अंधार होता. डांबराच्या खालच्या अंगाला झाडांची मुळं लोंबत होती. मघाशी कुरकुरणारी माणसं मागे मागे सरकली.

पाइप बदलला, भराव घातला, नवं डांबर पडलं. आमच्या तक्त्यात 'पोकळ आवाज' असा एक रकाना वाढला; तो कुणामुळे, हे मात्र कागदावर कुठेच नाही.

काम झाल्यावर आम्ही सुनेला विचारून म्हातारीला तिथे घेऊन गेलो. ती नव्या डांबरावर अनवाणी उभी राहिली. दोन बस गेल्या, एक टँकर गेला. मग तिने मान हलवली. "सरी."

मला फार बरं वाटलं. तेवढ्यात ती माझ्याजवळ आली, माझ्या पायांकडे पाहिलं, कोपर धरलं आणि मला हळूच दोन पावलं बाजूला सरकवलं. मी उभी होते त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी तिने डबी आणली नव्हती.

"काय म्हणाली?" सहकाऱ्याने विचारलं.

"काही नाही."

ती जागा आम्ही दोनदा तपासून घेतली. खाली भक्कम जमीन आहे, असा अहवाल आला. आजवर तिथे काही झालेलं नाही. तो तुकडा निवडीत निघाला की मी त्याला पूर्ण गुण देते, पण त्या दोन पावलांवर पाय ठेवत नाही.