नऊ वॉटची रेष

“लीकेज हशे,” आमचे मॅनेजर निमेशभाई म्हणाले. लीकेज असेल.

त्यांचं लक्ष माझ्या स्क्रीनकडं नव्हतं, हातातल्या यादीकडं होतं. स्क्रीनवर एक सरळ रेष होती. नऊ वॉट. कामरेजच्या पलीकडं एका शेताच्या कडेला आमचा सोलर बॉक्स उभा होता, त्याची ती रेष. तिथली टोळी मंगळवारीच उठून गेली होती. आज गुरुवार. पडाव रिकामा, तरी बॉक्समधून नऊ वॉट जात होते.

“लीकेज एवढं सरळ नसतं,” मी म्हटलं. “नऊ वॉट म्हणजे आपला एक बल्ब.”

“तर विसरले असतील बंद करायला. रिमोटने ऑफ करी दो, वैशालीबेन. सोमवारी टेम्पो जातोय, उचलून आणू.”

आमची कंपनी हे बॉक्स बनवते. बॉक्स म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. वर सोलरचं पॅनल, आत बॅटरी. पेटीतून वायरी निघतात आणि प्रत्येक कोपीत एक बल्ब लागतो. कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची बांबू आणि प्लास्टिकची झोपडी. इकडं या मजुरांना कोयतावाले म्हणतात. दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, डांगाकडून त्यांच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला पडाव टाकतात आणि तोड संपली की पुढच्या गावाला जातात. त्यांच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या असतात. पण कोपीला मीटर मिळत नाही, कारण कोपीला पत्ता नसतो. म्हणून आमचा बॉक्स.

माझं काम ऑफिसात बसून हे बॉक्स बघायचं. किती वीज आली, किती गेली, बॅटरी कशी आहे. पडावाचा ग्राफ मला बघताक्षणी ओळखू येतो. पहाटे सगळे बल्ब एकदम लागतात, म्हणजे बायका भाकरीला बसल्या. मग सगळं सपाट, म्हणजे माणसं उसात. संध्याकाळी पुन्हा बल्ब, आणि त्यांच्या डोक्यावर छोटे छोटे उंचवटे. ते फोन. सहा वर्षं मी या लोकांना असंच ओळखत आले. चेहऱ्यानं फार थोडे.

मी बॉक्स रिमोटने बंद करायला गेले आणि थांबले. दुपारी बाराच्या सुमारास त्या सरळ रेषेवर एक बारीकसा उंचवटा होता. चार वॉट, दीड तास. साधा बटणांचा फोन चार्ज होताना असा दिसतो. बुधवारीही त्याच वेळेला होता.

“निमेशभाई, तिथं माणूस आहे. विसरलेला बल्ब फोन चार्ज करत नाही.”

“कोई भरवाड हशे. गुरं चारता चारता फोन लावत असेल.” त्यांनी यादी माझ्यापुढं धरली. “चलथाणच्या बाजूला चाळीस कुटुंबं अंधारात बसलीत. त्यांचा मुकादम मला दिवसातून चार फोन करतो. माझं डोकं तिकडं आहे.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी वाद घातला नाही. बॉक्स बंदही केला नाही. राहू दे, सोमवारी उचलायचाच आहे, एवढाच विचार होता.

शुक्रवारी बाराला उंचवटा आला. शनिवारी आला नाही.

मी कोसाडला राहते. एक खोली, स्वयंपाकघर, तिसरा मजला. गाव शिरपूरकडचं. आई होती तोवर रोज संध्याकाळी फोनवर अहिराणी बोलणं व्हायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ सणासुदीला मेसेज टाकतो, तोही फॉरवर्ड केलेला. ऑफिसात गुजराती, रिक्षात हिंदी, आणि घरी आल्यावर कुठलीच भाषा लागत नाही. रविवारी मला कुणाचा फोन येत नाही, म्हणून मी कधी कधी ऑफिसचं ॲप उघडून बसते. लोकांच्या घरात बल्ब लागलेले दिसतात, बरं वाटतं.

त्या रविवारी दुपारी मी तो बॉक्स उघडून पाहिला. नऊ वॉट, सरळ. उंचवटा नाही. म्हणजे जो कोणी होता तो गेला, असं मी धरलं. सुटले, उद्या उचलताना वाद नको. मग उठून कपडे धुतले.

हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

सोमवारी इक्बालभाईंबरोबर मी टेम्पोत बसले. इक्बालभाई आमचे टेक्निशियन. बॉक्स सोडवायला त्यांना माझी गरज नसते. ते म्हणालेच, “मॅडम, आप क्यों धूप में?” मी म्हटलं, एकदा बघून येते.

पडावावर राखेचे गोल होते. विझलेल्या चुली, एवढंच. कोप्यांचे बांबू टोळी घेऊन गेलेली. शेवटाला बांधाशी एक कोपी मात्र तशीच उभी होती, आणि भर उन्हात तिच्या आत आमचा बल्ब पेटलेला.

मी वाकून आत डोकावले.

“कोन शे?” आतून आवाज आला.

अंधुक काही नव्हतंच तिथं. नऊ वॉटच्या उजेडात सगळं स्वच्छ दिसत होतं. गोधडीवर एक साठीची बाई पडली होती. उजवा पाय घोट्यापासून सुजून काळा-निळा झालेला. उशाशी पाण्याची कळशी, आडवी, रिकामी. शेजारी पिठाचा डबा आणि गुळाचा कागद. हाताशी एक फोन, बंद पडलेला.

“मी लाईटवाली,” मी म्हटलं.

“मंग तो लाईट बंद कर वं माय,” ती म्हणाली. “दोन दिन व्हयनात, डोयाले डोया लागना नही.”

पाणी नाही, अन्न नाही, पाय मोडलेला. आणि बाईनं पहिलं काय मागितलं, तर दिवा विझव.

बटण कोपीत नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक कोपीत बटण दिलं होतं. हलवाहलवीत ती तुटायची, दवानं खराब व्हायची. मग मीच सुचवलं की सगळी बटणं आणि फोनचे पॉइंट बॉक्सवरच घ्या, एका जागी. कंप्लेंट निम्म्यानं कमी झाल्या. मीटिंगमध्ये निमेशभाईंनी माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. त्या कोपीपासून बॉक्स तीसेक पावलांवर होता.

मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि टेम्पोतली पाण्याची बाटली आणली. पाणी पिताना तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाटली संपली तरी सोडलं नाही.

“माय, तुन्हं नाव काय?” मी विचारलं.

तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं. “तू तं आपली शे वं! कोनी आंडेर शे तू?” कुणाची मुलगी तू?

मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिला दोन्ही माहीत नव्हतं, तरी ती मान हलवत राहिली. तिचं नाव हिराबाई. साक्रीकडची. मुलगा आणि सून कोयत्यावर, ही नातवंडं सांभाळायला आणि भाकरी करायला आलेली. टोळी निघायच्या आदल्या दिवशी पाण्याच्या पंपाशी पाय घसरला. ट्रकमध्ये चढता येईना. मुलानं शेताच्या रखवालदाराला सांगितलं, रोज एक कळशी पाणी आणि थोडं दूध दे, आठ दिवसांत मी आईला न्यायला येतो. रखवालदार शुक्रवारपर्यंत आला. शनिवारी तो लग्नाला गावी गेला. रोज दुपारी ही सरपटत बॉक्सपर्यंत जायची, फोन लावून तिथंच सावलीत बसायची, मुलाशी बोलायची आणि परत यायची. रात्री एकटीला अंधार नको म्हणून बल्बचं बटण चालूच ठेवायची. शनिवारी पायावर एवढी सूज चढली की कोपीच्या तोंडापर्यंतही जाता येईना.

दुपारचा उंचवटा तो होता.

“आपण दवाखान्यात जाऊ,” मी म्हटलं.

“नही, नही. मना पोऱ्या ई अन् आठे कोनीच नही, तं?” माझा मुलगा येईल आणि इथं कुणीच नसेल, तर?

काही केल्या ती ऐकेना. इक्बालभाईंनी तिचा फोन बॉक्सला लावला. फोन सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात माझा वाजला.

“बॉक्स निघाला?” निमेशभाई.

“नाही. इथं एक बाई आहे, पाय मोडलाय.”

“अरे. मग बाईला बसवा, बॉक्स चढवा, निघा.”

“बॉक्स सोडवायला दीड तास लागतो. ती दोन दिवस उपाशी आहे.”

“वैशालीबेन, चाळीस कुटुंबं…”

“माहीत आहे. उद्या.”

ते म्हणाले, “सारु. चालेल. पण त्या मुकादमाला फोन तुम्ही करा.” आणि ठेवला.

हिराबाईंचा फोन सुरू झाल्यावर तिच्या मुलाला लावला. तो लागला नाही. पुन्हा लावला. चौथ्या वेळी लागला. तिकडून “आई? आई, फोन कसाले बंद शे?” असा ओरडल्यासारखा आवाज. ती त्याच्यावर रागावली नाही. नातवंडांनी खाल्लं का, एवढं विचारलं. मग फोन माझ्याकडं दिला. मी दवाखान्याचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, “न्या मॅडम, मी तिकडंच येतो.”

इक्बालभाईंनी तिला उचललं. टेम्पोत आमच्या दोघांच्या मध्ये ती बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून कामरेजपर्यंत गाढ झोपली. खांदा अवघडला, पण मी हलवला नाही. माझ्या खांद्यावर कुणी झोपल्याला किती वर्षं झाली होती, ते आठवायचा प्रयत्न करत होते.

दवाखान्यात सलाईन लावलं, एक्सरे काढला. घोट्याचं हाड तडकलं होतं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असेच गेले असते तर अवघड होतं.

मुलगा संध्याकाळी आला, मुकादमाची मोटरसायकल मागून. पंचविशीचा, अंगावर उसाची कुसळं, हातांना काजळी. आईच्या पायाशी बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर व्हरांड्यात माझ्यापाशी आला.

मला राग आला होता. मी विचारलं, “एकटीला सोडून गेलासच कसा?”

त्यानं मान खाली घातली. मग शुद्ध मराठीत, शब्द जुळवत बोलला.

“मॅडम, नवीन पडावावर लाईट नाही. तिथं तुमची पेटी येत नाही. फोन चार्ज करायला टपरीवर जावं लागतं. इथं लाईट होता, फोन होता. म्हणून म्हटलं, आई इथंच बरी.” त्यानं आत आईकडं पाहिलं. “पेटी नसती तर मी तिला पाठीवर घेऊन गेलो असतो.”

मी औषधांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

रिमोटने गुरुवारीच बॉक्स बंद केला असता, तर तिला झोप लागली असती, पण शुक्रवारी मुलाशी बोलता आलं नसतं. रविवारी दुपारी मी निघाले असते, तर ती एक दिवस कमी तहानलेली राहिली असती. यातलं पहिलं मी अजून सोडवू शकलेले नाही. दुसरं सोपं आहे.

बॉक्स मंगळवारी चलथाणच्या बाजूला गेला. मी मुद्दाम बरोबर गेले. बल्ब लागल्यावर पोरं ओरडली. एका बाळंतिणीनं मात्र मला सुनावलं, “कालच येणार होते ना तुम्ही? काल माझं लेकरू रात्रभर रडलं, अंधारात काही दिसेना.” मी सॉरी म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिच्या रडत्या लेकरापुढं ते कारण टिकलं नसतं.

ऑफिसात मी दोन पानांचा रिपोर्ट दिला. बटण कोपीत हवं, फोनचा एक पॉइंट कोपीत हवा, बॉक्स जिथं जाईल तिथं टोळीची यादी घ्यावी आणि टोळी उठताना माणसं पुन्हा मोजावीत. बटण मंजूर झालं. पॉइंटचं “पुढच्या सीझनला बघू” असं ठरलं. यादी इक्बालभाई आणि मी वहीत करतो.

हिराबाईंचा फोन अधूनमधून येतो. ती आता गावीच असते. बोलायला फारसं काही नसतं. पाऊस पडला का, कुणाचं लग्न झालं, भाजी काय केली. पाच मिनिटं अहिराणी होते.

आणि रिकाम्या पडावावर एखादी रेष चालू दिसली, की मी सोमवारची वाट बघत नाही. त्याच दिवशी जाते. आतापर्यंत सहा वेळा गेले. निमेशभाई डिझेलवरून कुरकुरतात. सहाही वेळा बल्ब खरोखरच विसरलेला होता. मी वायरीच्या टोकापर्यंत जाऊन बघते, बटण बंद करते आणि परत येते.