घंटी वाजल्यावरच

नेरूळच्या फ्लॅटमध्ये जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, तेव्हा त्याला शिस्त मीच लावणार, असं घरात ठणकावून सांगितलं होतं. पंधरा दिवस हातात बिस्किटं धरून ‘बस’, ‘थांब’ ओरडलो. पठ्ठ्या बिस्किटासकट माझी बोटं चावायचा आणि मी चिडायचो.

आईने त्याला काहीच शिकवलं नाही. ती रोज दुपारी देवाला नैवेद्य दाखवायची, घंटी वाजवायची आणि मगच त्याचं भांडं खाली ठेवायची. देवाआधी आमच्या घरात कुणी जेवत नाही, त्यात तोही आला. महिन्याभरात तो नैवेद्याच्या वेळी देव्हाऱ्यासमोर गुपचूप बसायला लागला.

मग आई चार दिवस करावे गावात मावशीकडे गेली. मी भांडं ठेवलं, तर भूक लागलेली असूनही तो तोंड लावेना. देव्हाऱ्याकडे बघत बसला. शेवटी मीच नैवेद्य दाखवला, घंटी वाजवली. कॉलेजात असताना हे सगळं सोडलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

आई परतली तेव्हा मी हात जोडून उभा होतो आणि तो शेजारी बसलेला. चपला काढता काढता ती म्हणाली, “वीस वर्षं सांगून मला जमलं नाही, ते याने चार दिवसांत करून घेतलं.”