कपबशीचा उमेदवार आणि बिनसाखरेचे पेढे

आमच्या घरात साखरेची दोन पोती कायम असतात आणि मला साखर खायला बंदी आहे.

पोती कारखान्याची. आम्ही कोपरगावकडचे ऊसवाले. सभासदाला साखर स्वस्तात मिळते, आणि ती न उचलणं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवणं! बंदी डॉक्टरांची. त्यांनी आधी रिपोर्ट बघितला, मग मला बघितलं (जास्त वेळ पोटाकडे), आणि म्हणाले, "तात्या, शुगर आहे. साखर बंद."

बंद तर बंद! पण नेमका तेव्हाच मी कारखान्याच्या संचालकपदाला उभा होतो. समोर कोण, तर माझाच चुलत भाऊ, बापू! त्यात मला चिन्ह मिळालं कपबशी. कपबशीवाला दारात आला की घरोघरी चहा ठरलेला, आणि आमच्याकडचा चहा म्हणजे निव्वळ पाक. नको म्हणावं तर लगेच, "का वो तात्या, आमच्या उसाची साखर कडू लागती व्हय?" साखर कारखान्याच्या उमेदवाराला शुगर आहे हे फुटलं असतं, तर माझं काही खरं नव्हतं. म्हणून मी 'औषधाचा काढा चालू हाय' अशी थाप मारून बिनसाखरेचा चहा मागायचो आणि खिशातल्या डबीतली गोडीची गोळी गुपचूप त्यात सोडायचो.

आमच्या सौ. सुमनला तेवढं ठाऊक होतं. ती रोज मागं लागायची.

"अहो, त्या गोळ्यांनी क्यान्सर हुतो म्हनं! मोबाईलवर आलंय."

"मोबाईलवर तर मी निवडून आलोय असं बी आलंय!"

बोललो खरा, पण मनात पाल चुकचुकली. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

"मापात घेतलीत तर भिऊ नका," ते म्हणाले. "पण बिनसाखरेचं आहे म्हणून वाट्टेल तेवढं खायचं नाही हं! आणि..."

'आणि'च्या पुढचं मी ऐकलंच नाही. 'भिऊ नका' एवढं मला पुरे होतं! येताना बाजारातून बिनसाखरेच्या पेढ्यांचा मोठा डबा उचलला.

शेवटच्या सभेच्या दिवशी दुपारी एक पेढा तोंडात टाकला. अहाहा! दुसरा डॉक्टरांच्या नावानं, तिसरा कपबशीच्या नावानं... डबा संपला तेव्हा माझा मीच दचकलो. सुमननं रिकामा डबा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"सगळा? अवो, झाकनावर काय लिवलंय ते तरी बघा की!"

"काय आसनार? दुकानाचा पत्ता!" असं म्हणून मी फेटा बांधला आणि निघालो.

सभा पारावर. पाराला लागूनच बापूचं घर. मी माईक धरला. "मंडळी, तुमच्या उसासाठी मी..." आणि पोटात जो गडगडाट झाला, तो माईकनं साऱ्या गावाला ऐकवला. दोघातिघांनी आभाळाकडं बघितलं! "...मी जीव..." पुढचा शब्द बोलायला मी थांबलो नाही. आमचं घर पडलं पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका हातानं फेटा सावरत मी सरळ घुसलो बापूच्या घरात.

"तात्या? तुमी? हितं?"

"बापू, बाजूला हो! संडास कुटं हाय?"

"मागं! डावीकडं!"

शेवटी भाऊ तो भाऊच.

मोकळा होऊन बाहेर आलो, तर बापूच्या दारात अख्खी सभा उभी! "तात्या माघार घेतोय!" "एवढा वेळ आत हुते, बोलनी झाली आसनार!" माझ्या प्रचारासाठी चपला झिजवलेला रामभाऊ तर डोळे पुसत पुढे आला. "तात्या, आमी रानं सोडून तुमच्यामागं हिंडलो, आन तुमी आसा दगा दिला?"

गप्प बसावं तर गद्दार, खरं बोलावं तर शुगरवाला! पण रामभाऊचं रडणं मला बघवेना. मी ओरडलो, "आरं, दगा न्हाई रं! मला शुगर हाय! बिनसाखरेचे पेढे खाल्ले डबाभर, आन पोट बिघडलं!"

तेवढ्यात सुमन गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात झाकण! चष्मा लावून तिनं पुरावा म्हणून मोठ्यानं वाचलं, "जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात."

रामभाऊ रडता रडता हसायला लागला, आणि मग गाव काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बापूची सभा. "मंडळी, ज्याला साखर पचत न्हाई, त्याला कारखाना काय पचनार?" टाळ्याच टाळ्या! (मेल्या रामभाऊनंसुद्धा वाजवल्या.) मी सपशेल आपटलो.

निकालाच्या संध्याकाळी बापू एकटाच घरी आला. गुलाल पुसलेला, हातात पेढ्यांचा डबा. माझं डोकंच फिरलं.

"मला चालत न्हाईत. साऱ्या गावाला ठावं हाय!"

"बिनसाखरेचेच हायेत, तात्या." त्यानं हळूच दार लोटलं. "मी बी ह्येच खातो. मला लई वर्सं झाली शुगर."

मी उडालोच! "आरं लबाडा! मग भाषनात त्ये काय बोलला?"

"त्ये भाषन हुतं," बापू शांतपणे म्हणाला. "आन मी एकच खातो."

म्हणजे गावानं निवडून दिला तो शुगरवालाच. फक्त झाकण वाचणारा निवडला!